उन्हाळी पत्रकारिता शिबिर: पालक आणि विद्यार्थी वारंवार विचारतात ते प्रश्न

सुट्टीतल्या पत्रकारिता शिबिरांबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला नाव नोंदवण्याआधीच्या शंका आहेत आणि पुढे प्रत्यक्ष बातमी करताना पडणारे पेच. पालकांच्या प्रश्नांना पालकांसाठी आणि मुलांच्या प्रश्नांना थेट मुलांसाठी उत्तर दिलं आहे. एका उत्तरातला मुद्दा दुसरीकडे लागत असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. अशा शिबिरात नेमकं काय शिकवतात? निबंधलेखनाच्या वर्गापेक्षा वेगळं काय असतं?

निबंध घरात बसून लिहिता येतो, बातमी नाही. बातमीसाठी उठून कोणाला तरी भेटावं लागतं, विचारावं लागतं आणि त्यानं सांगितलेलं खरं आहे का हे तपासावं लागतं. म्हणून शिबिरातला निम्म्याहून जास्त वेळ लिहिण्याआधीच्या कामात जायला हवा: विषय शोधणं, प्रश्न काढणं, मुलाखती, टिपणं, पडताळणी. त्यानंतर खर्डा, संपादकाच्या खुणा, पुनर्लेखन, मथळा, फोटोओळ आणि पान लावणं. शेवटी काहीतरी प्रसिद्ध झालंच पाहिजे. चार पानी अंक असो, भित्तिपत्रक असो की पाच मिनिटांचं ध्वनिमुद्रित बातमीपत्र. आपलं नाव छापून येणार आणि अनोळखी माणसं वाचणार हे कळलं की मूल आकडा आपणहून दुसऱ्यांदा तपासतं. भाषण देऊन ही सवय लागत नाही.

२. कोणत्या वयापासून पाठवावं? सहावीतलं मूल आणि अकरावीतलं मूल एकाच गटात चालतं का?

साधारण ११ वर्षांपासून पाठवायला हरकत नाही, पण गट वेगळे हवेत. ११ ते १३ वयाच्या मुलांना १५० ते २०० शब्दांची एक बातमी, ओळखीच्या माणसांच्या मुलाखती आणि ४०-४५ मिनिटांची सत्रं झेपतात. १४ ते १७ वयाची मुलं तीन-चार जणांशी बोलून ५००-६०० शब्दांचं वार्तापत्र लिहू शकतात, साधी आकडेवारी वाचू शकतात आणि दोन परस्परविरोधी बाजू एका मजकुरात पेलू शकतात. एकत्र बसवलं तर मोठी मुलं संपादक होतात आणि धाकटी नुसती निरोप्यासारखी पळतात. एकत्र काम करायचंच असेल तर शेवटच्या दोन दिवसांत, अंकाची पानं लावताना करावं.

३. पाच दिवसांचं शिबिर पुरेसं असतं, की महिनाभराचं घ्यावं?

हिशोब करून बघा. एका नीट केलेल्या बातमीसाठी विषय ठरवायला १ तास, पूर्वतयारीला १ तास, तीन मुलाखतींना जाण्यायेण्यासह ३ तास, टिपणं उतरवायला दीड तास, पहिल्या खर्ड्याला २ तास, संपादन आणि पुनर्लेखनाला २ तास, पडताळणीला १ तास. झाले साडेअकरा तास. रोज ३ तास धरले तर पाच दिवसांत १५ तास मिळतात, म्हणजे प्रत्येक मुलाची एक बातमी व्यवस्थित होते. एवढंच आश्वासन देणारं पाच दिवसांचं शिबिर प्रामाणिक आहे. त्याच पाच दिवसांत बातमी, अग्रलेख, पॉडकास्ट, माहितीपट आणि सूत्रसंचालन असं सगळं शिकवू म्हणणाऱ्याकडे मूल पाच व्याख्यानं ऐकून परत येतं.

दोन आठवडे मिळाले तर एक बातमी, एक व्यक्तिचित्र आणि सामूहिक अंक एवढं होतं. महिनाभराचं शिबिर रोज ठेवलं की तिसऱ्या आठवड्यात उपस्थिती घसरते. आठवड्यातून दोनतीन दिवस असेल आणि मधले दिवस मुलाखतींसाठी मोकळे असतील तर ते उत्तम चालतं.

४. ऑनलाइन शिबिराचा उपयोग होतो का?

संपादन शिकण्यासाठी होतो. सामायिक फाइलमध्ये संपादकानं काय खोडलं आणि का, हे मुलाला ओळीशेजारी दिसतं. कागदापेक्षा हे सोयीचं आहे. अडचण बातमीदारीत येते. मुलाखतीला सोबत येणारा प्रशिक्षक नसतो, त्यामुळे ती जबाबदारी घरातल्या मोठ्या माणसाकडे येते (सुरक्षिततेचे नियम प्रश्न १३ मध्ये आहेत). ऑनलाइन घेणार असाल तर गट ८ मुलांपेक्षा मोठा नसावा, सत्र दीड-दोन तासांपेक्षा लांबू नये आणि दर दोन सत्रांमध्ये बाहेर जाऊन करायचं काम दिलेलं असावं.

५. जाहिराती सगळ्या सारख्याच दिसतात. चांगलं शिबिर कसं ओळखायचं?

आयोजकांकडे मागच्या वर्षीचा अंक मागा. तो देता आला नाही तर तिथेच थांबा. मिळाला तर घाईनं चाळू नका, कोणतेही तीन मजकूर पूर्ण वाचा आणि त्यात नावानिशी बोललेली माणसं शोधा. प्रत्येक मजकुरात निदान दोन माणसांचं म्हणणं, त्यांची पूर्ण नावं आणि एखादा तपासता येण्यासारखा आकडा असेल तर तिथे बातमीदारी शिकवली जाते. "पर्यावरणाचे महत्त्व", "मोबाइल: शाप की वरदान" असे मथळे असतील आणि मजकुरात एकही माणूस बोलत नसेल, तर तो निबंधाचाच वर्ग आहे.

मग विचारा: एका संपादकाकडे किती मुलं? ८ ते १० ठीक. २५ मुलांचे खर्डे कोणीही मन लावून वाचू शकत नाही. एका मजकुराचे किती खर्डे होतात? "एक" हे उत्तर आलं तर पैसे वाचवा. खर्डा कोण तपासतं, संपादनाचा अनुभव असलेला माणूस की हजेरी घेणारा स्वयंसेवक? नामवंत पाहुणे किती येणार हा प्रश्न शेवटी विचारला तरी चालेल, कारण तासभराच्या भाषणातून मुलाच्या खर्ड्यावर एकही खूण पडत नाही. "मोठ्या दैनिकात हमखास छापून आणू" असं कोणी सांगत असेल तर ते अजिबात ऐकू नका. काय छापायचं हे त्या दैनिकाचे संपादक ठरवतात.

६. माझं शुद्धलेखन कच्चं आहे. मला घेतील का?

घ्यायलाच हवं. शुद्धलेखन संपादक सुधारून देऊ शकतो. तू न विचारलेला प्रश्न मात्र त्याला भरून काढता येत नाही. एक गोष्ट आतापासून कर. स्वतःचा मजकूर मोठ्यानं वाच. जिथे श्वास अपुरा पडतो तिथे वाक्य तोड. बातमीतलं वाक्य १२ ते १५ शब्दांचं असलं की चुकांना जागाच कमी राहते. अपवाद एकच: माणसांची आणि ठिकाणांची नावं. तिथली ऱ्हस्व-दीर्घाची चूक शुद्धलेखनाची धरली जात नाही, ती माहितीची चूक असते (प्रश्न १० पाहा).

७. मुलगा फार बुजरा आहे. अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं की गप्प होतो.

बुजरी मुलं बऱ्याचदा चांगले बातमीदार होतात, कारण ती समोरच्याला बोलू देतात. त्यांना सुरुवातीची दहा सेकंदं पार करून द्यावी लागतात. पहिल्या दिवशी मुलाखत जोडीनं: एकानं विचारायचं, दुसऱ्यानं लिहायचं, पाच मिनिटांनी अदलाबदल. दुसऱ्या दिवशी ओळखीचा पण घराबाहेरचा माणूस. अनोळखी माणूस तिसऱ्या दिवसापासून. सुरुवातीचं वाक्य वहीत लिहून पाठ करू द्या: "नमस्कार, मी अमुक. विद्यार्थ्यांच्या अंकासाठी या बसथांब्याबद्दल बातमी लिहितोय. पाच मिनिटं बोलाल का?" यात नाव, कारण, विषय आणि वेळ चारही आलं, त्यामुळे लोक सहसा नाही म्हणत नाहीत. आणि कोणी म्हणालंच, तर "बरं, धन्यवाद" म्हणून पुढे जायचं. नकाराचा हा सराव वर्गात खोटा खोटा करून घेतला की भीती निम्मी होते. मुलाच्या वतीनं तुम्ही प्रश्न विचारू नका, त्यानं तो आणखी मागे सरतो.

८. काय काय साहित्य न्यायचं? कॅमेरा घ्यावा लागेल का?

वेगळा कॅमेरा नको, फोन पुरतो. खिशात मावणारी स्प्रिंगची वही, दोन बॉलपेन आणि एक पेन्सिल घ्या. ओल्या कागदावर पेन उठत नाही, पेन्सिल उठते. वहीच्या डाव्या पानावर समोरचा माणूस काय म्हणाला ते लिहायचं. उजवं पान आपण काय पाहिलं आणि पुढे काय विचारायचं यासाठी. ही विभागणी पहिल्या दिवसापासून लावून घ्या, म्हणजे स्वतःचा तर्क चुकून दुसऱ्याच्या तोंडी जात नाही.

ध्वनिमुद्रणाआधी फोन विमान मोडवर टाकायचा, कारण मध्येच कॉल आला की बऱ्याच फोनवर मुद्रण थांबतं आणि ते लक्षातही येत नाही. दहा सेकंदांची चाचणी घेऊन ऐकायची. डोक्यावरचा पंखा, शेजारचा रस्ता आणि टेबलावर वाजणारी बोटं हे मुद्रणाचे तीन शत्रू. मुद्रण चालू असलं तरी टिपणं घ्यायचीच. दहा मिनिटांचं बोलणं उतरवायला नवख्याला चाळीस मिनिटं सहज लागतात. वहीत वेळेची नोंद असेल ("४:१०, गळतीबद्दल") तर हवा तेवढाच भाग ऐकता येतो.

९. बातमीसाठी विषय कुठून आणायचा? सुट्टीत तर काहीच घडत नाही.

"घडणं" शोधू नकोस, "बदलणं" शोध. गेल्या महिन्यात होतं आणि आता नाही, किंवा नव्हतं आणि आता आहे, असं काय दिसतं? बंद पडलेली पाणपोई, वाचनालयाची बदललेली वेळ, मैदानाला घातलेलं कुंपण, सूचनाफलकावरची नवी सूचना. दहा मिनिटं एकाच जागी उभं राहून वीस निरीक्षणं लिहायची, हा व्यायाम फार उपयोगी आहे. पहिली दहा सगळ्यांची सारखीच असतात, बातमी बहुतेक वेळा नंतरच्या दहांत लपलेली असते.

मग विषय संपादकासमोर मांडताना तीन ओळी लिही. मला काय शोधायचंय (प्रश्नाच्या रूपात), कोणाकोणाला विचारणार, आणि वाचकाला त्याचं काय. "प्रदूषण" हा विषय होत नाही. "शाळेसमोरच्या रस्त्यावर सुटण्याच्या वेळी किती गाड्या इंजिन चालू ठेवून उभ्या राहतात?" हा होतो, कारण त्या मोजता येतात.

१०. मुलाखतीत लोक फक्त "हो", "नाही", "छान" म्हणतात. काय चुकतं?

बहुतेक वेळा प्रश्नातच उत्तर भरलेलं असतं. "तुम्हाला हे काम आवडतं ना?" याला "हो" सोडून काय म्हणणार? "कसं", "का" आणि "पहिल्यांदा काय झालं" यांनी प्रश्न सुरू कर. "कामात काय अडचणी येतात?" यापेक्षा "काल सकाळी आल्यापासून काय काय केलंत?" असं विचारलं तर अडचणी आपोआप बाहेर येतात. एका वेळी एकच प्रश्न विचार. दोन जोडून विचारलेस तर माणूस सोप्या प्रश्नाचं उत्तर देतो. उत्तर संपल्यासारखं वाटलं की लगेच पुढचा प्रश्न टाकू नकोस, चार-पाच सेकंद थांब. चांगलं वाक्य पुष्कळदा त्या शांततेनंतर येतं.

"खूप", "अनेक", "पूर्वी" हे शब्द आले की तिथेच विचार: किती? कोण? कधी? निघण्याआधी नाव आडनावासह लिहून घे आणि लिहिलेलं त्यांना दाखव. कुलकर्णी असो की दीक्षित, ऐकून लिहिलेल्या नावावर विश्वास ठेवू नकोस. पदाचंही तसंच. शेवटचे दोन प्रश्न ठरलेले ठेव: "मी विचारायचं काही राहिलं का?" आणि "या विषयावर आणखी कोणाशी बोलू?"

११. बातमीची सुरुवात कशी करायची? पहिलं वाक्यच सुचत नाही.

एक खर्डा घेऊन बघू. अशा शिबिरात पहिल्या दिवशी हमखास असाच मजकूर येतो:

"वाचाल तर वाचाल असे म्हणतात. पुस्तके आपले मित्र असतात. आमच्या शाळेत एक मोठे ग्रंथालय आहे. तेथे अनेक पुस्तके आहेत. परंतु सध्या ते बंद असल्यामुळे विद्यार्थ्यांची गैरसोय होत आहे."

पहिली चार वाक्यं काढली तरी वाचकाचं काही बिघडत नाही, बातमी पाचव्यात आहे. आता त्या पाचव्या वाक्याला धरून बसायचं. "सध्या" म्हणजे कधीपासून? "बंद" का? "विद्यार्थ्यांची" म्हणजे कोणत्या? "गैरसोय" असं कोण म्हणालं, की तुलाच वाटलं? एवढं विचारून आलास की वाक्य आपोआप बनतं:

"छताला गळती लागल्याने शाळेचे ग्रंथालय १२ जूनपासून बंद असून, चाचणी परीक्षेच्या तोंडावर संदर्भपुस्तके मिळत नसल्याची तक्रार दहावीच्या विद्यार्थ्यांनी केली आहे. दुरुस्ती महिनाअखेरीस पूर्ण होईल, असे ग्रंथपालांनी सांगितले."

काय, कोण, कधी, कुठे, का, कसे या सहा ककारांपैकी पाच इथे आले. "कसे" (किती पुस्तकं भिजली, ती कुठे हलवली, पर्यायी सोय काय) दुसऱ्या परिच्छेदात जाईल. सहाही ककार पहिल्या वाक्यात कोंबायचा हट्ट धरू नकोस. २५-३० शब्दांत जे सर्वांत महत्त्वाचं ते सांग. पुढे महत्त्व उतरत जाईल अशी रचना ठेव, तिलाच उलटा पिरॅमिड म्हणतात. तिचा व्यवहारातला फायदा असा की जागा कमी पडली तर संपादक शेवटून कापतो आणि बातमी तरीही उभी राहते. म्हणून शेवटच्या ओळीत "सर्वांनी वाचन करावे" असला उपदेश ठेवू नये. तो तसाही कापलाच जातो.

व्यक्तिचित्र किंवा फीचर लिहिताना ही रचना सोडता येते. तिथे एखाद्या दृश्यानं सुरुवात केली तरी चालते, पण विषय काय आहे हे तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदापर्यंत कळायलाच हवं.

१२. लिहिलेलं बरोबर आहे हे तपासायचं कसं?

मजकूर कागदावर छापून घे. लाल पेन्सिलीनं प्रत्येक नाव, आकडा, तारीख, पद आणि अवतरण अधोरेखित कर. मग समासात प्रत्येक खुणेसमोर लिही: हे मला कुठून कळलं? वही पान ७, मुद्रण ४:१०, फलकाचा फोटो. ज्या खुणेसमोर काही लिहिता येत नाही ती पुन्हा विचारायची किंवा काढायची. टक्केवारी आणि बेरजा हातानं पुन्हा कर. चुका सगळ्यांत जास्त निघतात त्या आपल्याला पाठ आहे असं वाटणाऱ्या गोष्टींत, म्हणून आपल्या शाळेच्या स्थापनेचं वर्षसुद्धा तपास.

फॉरवर्ड होऊन आलेला फोटो असेल तर तो गुगल लेन्स किंवा टिनआय यांवर टाकून उलटा शोध घे, म्हणजे तोच फोटो नेटवर आधी कुठे आलाय ते शोध, आणि सर्वांत जुनी नोंद कोणती ते बघ. आजची म्हणून फिरणारी चित्रं अनेकदा काही वर्षांपूर्वीची आणि भलत्याच देशातली निघतात. शोधात काही सापडलं नाही म्हणजे फोटो खरा, असं मात्र नाही. पाट्यांवरची लिपी, गाड्यांचे क्रमांक, सावल्या, कपडे यांचा सांगितलेल्या जागेशी आणि ऋतूशी मेळ बसतो का, तेही बघ. मूळ फोटो काढणाऱ्यापर्यंत पोहोचता आलं नाही तर तो वापरू नकोस.

१३. मुलांना एकट्यानं बाहेर पाठवतात का?

पाठवू नये, आणि पाठवत असतील तर नाव काढून घ्या. किमान नियम असे असावेत: दोन किंवा तीन मुलं एकत्र, दिसेल इतक्या अंतरावर एक जबाबदार मोठा माणूस, मुलाखत सार्वजनिक जागी किंवा उघड्या दाराच्या खोलीत, कुठे आणि किती वाजेपर्यंत याची लेखी नोंद. मुलाचा स्वतःचा नंबर कोणाला द्यायचा नाही; संपर्कासाठी शिबिराचा नंबर किंवा ईमेल. अपघात, आग, मोर्चा, भांडण अशा ठिकाणी विद्यार्थी जात नाहीत, विषय कितीही मोठा असो. मुलाखतीनंतर कोणी मुलाला खासगी संदेश पाठवू लागलं तर त्यानं ते त्याच दिवशी प्रशिक्षकाला सांगायचं. हे पहिल्या सत्रातच स्पष्ट बोललेलं असावं.

१४. बातमीत इतर मुलांची नावं आणि फोटो देता येतात का?

साध्या, आनंदाच्या विषयात देता येतात, पण त्या मुलाची संमती आणि पालकांची लेखी संमती दोन्ही हवीत. पालक हो म्हणाले आणि मूल नको म्हणालं, तर नको. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेत कलम १३ मुलांना अभिव्यक्तीचा हक्क देतं आणि कलम १६ खासगीपणाचा. लिहिणारं मूल आणि ज्याच्याबद्दल लिहिलं जातं ते मूल, दोघांनाही दोन्ही लागू आहेत.

मारहाण, छळ, आजार, घरातला कलह किंवा गुन्हा यांच्याशी संबंधित मुलाची ओळख द्यायची नाही. इथे बहुतेकांकडून चूक होते ती नुसतं नाव बदलून थांबण्याची. शाळा, इयत्ता आणि "उत्तम तबला वाजवणारी" एवढे तीन तपशील एकत्र आले की शंभर जणांना कळतं कोण ते. प्रत्येक तपशील इतरांशी जोडून बघायचा. फोटोत गणवेशावरचं बोधचिन्ह, घराची पाटी, दुचाकीचा क्रमांक तपासायचा. फोनच्या फोटोत ठिकाणाची नोंद दडलेली असू शकते, ती प्रसिद्ध करण्याआधी काढून टाकायची. असे विषय सहावी ते आठवीच्या गटाला देऊच नयेत. मोठ्या गटाला दिले तर अनुभवी संपादक पहिल्या दिवसापासून सोबत हवा. बहुतेक देशांत याबद्दल कायदाही असतो, आयोजकांना तो माहीत असलाच पाहिजे.

१५. न सांगता रेकॉर्डिंग केलं तर चालेल का?

नाही. काही ठिकाणी तो कायद्याचा भंग ठरतो, आणि नसेल तिथेही विद्यार्थ्यानं ते करू नये. "टिपणं चुकू नयेत म्हणून रेकॉर्ड करू का?" असं विचार आणि होकार मुद्रणातच येऊ दे. नको म्हणाले तर वही आहेच.

१६. मुलाखत दिलेल्यांनी छापण्याआधी पूर्ण मजकूर दाखवायला सांगितला. दाखवू का?

पूर्ण मजकूर नाही. दाखवला की ते स्वतःचं बोलणं तर बदलतातच, शिवाय दुसऱ्यानं त्यांच्याविरुद्ध काय म्हटलं तेही काढायला सांगतात. त्यांची स्वतःची विधानं आणि त्यांच्याबद्दलचे तपशील फोनवर वाचून दाखव. माहितीतली चूक लगेच दुरुस्त कर; "हे जरा सौम्य करा" असं म्हणाले तर संपादकाकडे जा. दोन अपवाद आहेत. वैद्यकीय किंवा तांत्रिक परिच्छेद तज्ज्ञाला दाखवणं चांगलंच. आणि बोलणारं मूल असेल तर त्याची विधानं त्याला व त्याच्या पालकांना आधी दाखवायची.

१७. बोलून झाल्यावर कोणी म्हणालं, "हे छापू नका." आता?

पत्रकारितेतला रिवाज असा की "ऑफ द रेकॉर्ड" (छापायचं नाही अशा अटीवरचं बोलणं) हे बोलण्याआधी ठरतं, दोघांच्या संमतीनं. पद असलेल्या, माध्यमांशी नेहमी बोलणाऱ्या व्यक्तीला हा नियम लावायला हरकत नाही. दुकानदार, शिपाई, आजी, वर्गमित्र यांना तो रिवाज माहीत नसतो. त्यांनी नंतर सांगितलं तरी ऐकावं. त्यांची नोकरी किंवा घरातली शांतता तुझ्या एका अवतरणापेक्षा मोठी आहे. तीच माहिती दुसऱ्या कोणाकडून किंवा एखाद्या कागदातून मिळते का ते शोध.

१८. एआयकडून बातमी लिहून घेतली तर काय बिघडलं?

त्यानं कोणाला भेटून काही विचारलेलं नसतं, हे बिघडतं. मुलाखतीतलं वाक्य एआयनं "बरं करून" दिलं की ते त्या माणसाचं राहत नाही. अवतरणचिन्हात घातलं तर ती बनावट ठरते. मुद्रण उतरवण्यासाठी मदत घेता येते, पण मराठीत नावं, आकडे आणि बोलीतले शब्द हमखास बिघडतात, म्हणून वापरायचं प्रत्येक अवतरण मूळ मुद्रणाशी कानानं ताडून घ्यायचं. संवेदनशील मुलाखतीचं मुद्रण अशा सेवांवर चढवायचं नाही. प्रश्न सुचवून घेणं किंवा शुद्धलेखन बघणं चालेल. काय मदत घेतली ते संपादकाला सांगायचं. संपादकाची तपासणी सोपी असते: वही दाखव. प्रश्न १२ मधला समास रिकामा राहिला की सगळं कळतं.

१९. बातमी माझ्या काकांच्या दुकानाबद्दल किंवा आमच्याच शिक्षकांबद्दल असेल तर?

विषय दुसऱ्याला दे. तुला माहीत असलेली माणसं त्याला सुचवू शकतोस, पण स्वतः लिहू नकोस. ज्यांच्या हातात तुझे गुण आहेत त्यांच्याबद्दल कौतुकाची बातमीसुद्धा नको. गट लहान असेल आणि दुसरं कोणीच नसेल तर नातं बातमीतच स्पष्ट लिहायचं.

२०. शाळेनं अंकातला मजकूर काढायला सांगितला तर विद्यार्थ्यांना काही हक्क असतो का?

हे देशागणिक आणि अंक कोणाच्या पैशानं निघतो त्यावर बदलतं. अमेरिकेतले दोन निकाल या चर्चेत नेहमी येतात. युद्धाच्या निषेधार्थ काळ्या फिती बांधलेल्या विद्यार्थ्यांच्या बाजूनं तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं १९६९ मध्ये निकाल दिला (टिंकर खटला). १९८८ मध्ये मात्र हेझलवूड खटल्यात त्याच न्यायालयानं शाळेची बाजू घेतली. तिथे मुख्याध्यापकांनी पत्रकारितेच्या वर्गात तयार होणाऱ्या अंकातली, किशोरवयीन गर्भारपण आणि पालकांचा घटस्फोट या विषयांवरचे लेख असलेली दोन पानं काढली होती. शैक्षणिक कारण असेल तर शाळेच्या उपक्रमातल्या मजकुरावर शाळेला नियंत्रण ठेवता येतं, असं न्यायालय म्हणालं. नंतर तिथल्या काही राज्यांनी विद्यार्थी पत्रकारांना जास्त संरक्षण देणारे कायदे केले.

कायदा कोणताही असो, आधी काही गोष्टी करून ठेव. ज्यांच्यावर टीका आहे त्यांना उत्तरासाठी पुरेसा वेळ दिला का, आणि त्यांचं म्हणणं मजकुरात आहे का? प्रश्न १२ ची तपासणी पूर्ण आहे का? मग आक्षेप लेखी आणि ओळीनिशी माग. "वातावरण बिघडेल" असं मोघम सांगितलं जातं तेव्हा "नेमकं कोणतं वाक्य चूक आहे?" हा नम्र प्रश्न फार काम करतो. एखादं मूल ओळखू येतं हा आक्षेप असेल तर तो बहुधा बरोबर असतो. तो मान.

२१. चूक छापली गेली. आता काय?

लपवू नकोस. छापील अंकात पुढच्या वेळी ठळक जागी, ऑनलाइन असेल तर त्याच मजकुराखाली तारखेसह: काय चुकीचं छापलं होतं आणि बरोबर काय. गुपचूप बदल केला तर ज्यानं आधी वाचलं त्याला कधीच कळत नाही. ज्या व्यक्तीबद्दल चूक झाली तिला स्वतः फोन कर, प्रशिक्षक सोबत असताना.

२२. मला लिहायचं नाही, व्हिडिओ करायचाय.

तयारी तीच, प्रश्न ९ ते १२ तुलाही लागू. फरक एवढा: मराठी मजकूर सावकाश वाचला तर मिनिटाला साधारण १०० ते १२० शब्द होतात, म्हणजे दोन मिनिटांच्या बातमीत बोलायला जेमतेम २०० शब्द मिळतात. फोन आडवा धर, प्रत्येक दृश्य न हलवता १० सेकंद घे: हात, चेहरा, संपूर्ण जागा, खांद्यामागून, आणि एखादा वेगळा कोन. आवाज खराब असेल तर चित्र कितीही चांगलं असो, लोक पुढे सरकतात. म्हणून फोन बोलणाऱ्याच्या हातभर अंतरावर ठेव.

२३. पान लावताना मराठी अक्षरं तुटतात किंवा चौकोन दिसतात. कसं टाळायचं?

सगळ्यांनी पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्येच, म्हणजे कोणत्याही संगणकावर अक्षरं तीच राहतात अशा पद्धतीत, टाइप करायचं. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर इंग्रजी अक्षरांच्या गिचमिडीसारखा दिसतो. तो परिवर्तकातून बदलून घेता येतो, पण जोडाक्षरं आणि रफार पुन्हा तपासावे लागतात. पान लावायच्या काही सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांसाठीची मांडणी वेगळी सुरू करावी लागते, नाहीतर ऱ्हस्व इकार अक्षराच्या आधी न दिसता नंतर दिसतो. छपाईला देताना फाँट अंतर्भूत केलेली पीडीएफ द्या. आणि तिचा एक कागद छापून बघितल्याशिवाय प्रती काढू नका.

२४. प्रमाणपत्राचा पुढे प्रवेशासाठी उपयोग होतो का?

हजेरीच्या प्रमाणपत्राचा फारसा नाही. प्रसिद्ध झालेले दोनतीन मजकूर आणि त्यांतल्या एकाचे पहिला व शेवटचा असे दोन्ही खर्डे जपून ठेवा. मुलाला काय येतं हे त्यातून दिसतं.

२५. काही वर्षांनी मुलाला वाटलं की तेव्हाचा लेख नेटवरून काढावा, तर?

वयस्क पत्रकारांसाठीचा "छापलं ते राहिलं" हा नियम बारा वर्षांच्या लेखकाला जसाच्या तसा लावू नये. बातमी बरोबर असेल आणि तिला इतरांच्या दृष्टीनं महत्त्व असेल तर मजकूर ठेवून लेखकाचं नाव काढता येतं. वैयक्तिक अनुभवाचा लेख असेल तर पूर्ण काढावा. लेखात उल्लेख असलेल्या मुलानं मोठं झाल्यावर मागणी केली तरी हेच तत्त्व. म्हणून नाव नोंदवतानाच आयोजकांना दोन गोष्टी विचारा: संकेतस्थळ बंद झालं किंवा हस्तांतरित झालं तर मजकूर कोणाच्या ताब्यात जातो, आणि काढण्याची विनंती कोणाकडे, कोणत्या पत्त्यावर करायची. उत्तर लेखी घ्या आणि ते संमतीपत्राच्या प्रतीसोबत ठेवा.